पिवळ्या गाडीचं सोवळं

"बठाले टाइम कोठे शे?" हे आबांचं वाक्य. ते दुकानात आले की कुणीतरी त्यांच्याकडे प्लॅस्टिकची खुर्ची सरकवायचं आणि आबा ती तितक्याच तत्परतेनं परत सरकवायचे. बसायला वेळ नाही म्हणणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती तसं म्हणतात आणि चांगली तासभर बसतात. आबा खरोखर बसत नसत. चहा उभ्यानं, जेवण डबा हातात धरून येरझाऱ्या घालत, आणि गप्पा दाराच्या उंबऱ्यावर, एक पाय आत आणि एक बाहेर ठेवून. त्यांच्याकडे बघून आपल्यालाच दम लागायचा.

आमचं दुकान सुरतेत, उधन्यात आहे. गाड्यांच्या सीटा, छत, दारांच्या आतली बाजू, सगळं आम्ही चामड्यानं नाहीतर रेक्झिननं मढवून देतो. मालक गुजराती, त्यांना सगळे शेठ म्हणतात. मी तिथं पंचिंग करते. म्हणजे गिऱ्हाईक जे चिन्ह घेऊन येईल ते कॉम्प्युटरवर काढायचं आणि भरतकामाच्या मशिनला कळेल अशा टाक्यांत बसवायचं. माझे वडील बँकेच्या बदलीवर जळगावहून सुरतेला आले आणि इथलेच झाले, त्यामुळे मला गुजराती मराठीइतकीच सहज येते आणि आबांची अहिराणीही समजते. मी कॉम्प्युटरवर काढलेलं चिन्ह चामड्यावर उतरवायचं काम आबांचं.

आबा शिंदखेड्याकडचे. तरुणपणी पावरलूमवर आले, तिथं टिकले नाहीत. मग साड्यांच्या भरतकामात गेले, तिथंही एका जागी राहिले नाहीत. भांडण वगैरे काही नसायचं. एके दिवशी उठायचे आणि दुसरीकडे लागायचे. नवागाममध्ये त्यांनी किती खोल्या बदलल्या याचा हिशेब त्यांच्या बायकोलाही नीट सांगता यायचा नाही. त्या, म्हणजे आमच्या मावशी, म्हणायच्या, यांच्या पायाला भोवरा आहे, मी आपली भांडी बांधूनच ठेवते. आमच्या दुकानात मात्र आबा टिकले. मला वाटतं त्याचं कारण चामडं.

साडीवर टाका चुकला तर उसवता येतो, आणि पुढं धागे सरकून भोक बुजूनही जातं. चामड्यावर सुई एकदा गेली की गेली. टाके फार दाट पडले तर पोस्टाच्या तिकिटासारखं चामडं त्या रेषेवर फाटतं. म्हणून पहिला टाका पडताना आबा श्वास रोखून धरत. तेवढाच वेळ त्यांचं अंग स्थिर असे. मशिन सुरू झालं की पुन्हा बाहेर रस्त्यावर, पुन्हा आत. मला ते दर वेळी सांगायचे, "चामडानं भोक बुजत नही, ताई." जणू मी हे पहिल्यांदाच ऐकत होते.

सुरतेत ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांना गाडी नुसती भारी असून भागत नाही. दुसऱ्या कुणाकडे नसेल असं काहीतरी त्यांना आत हवं असतं. मग सीटच्या डोकं टेकायच्या उशीवर मुकुट येतो, सिंह येतो, पंख फुटलेला हिरा येतो, त्रिशूळ येतो, आडनावाचं पहिलं अक्षर वेलबुट्टीत गुंडाळून येतं. एका बिल्डरला स्वतःचाच चेहरा हवा होता, मिशांसकट. मी काढूनही दिला. आबांनी तो निरखून पाहिला आणि बिल्डरना अगदी आदरानं विचारलं, शेठ, रोज स्वतःच्याच तोंडावर डोकं टेकून बसणार का? बिल्डर विचारात पडले आणि शेवटी सिंहावर आले.

देवांची चिन्हंही यायची. चामड्यावर देव चालतो का, देवाकडे पाठ केलेली चालते का, असं कुणी विचारलं की शेठ म्हणत, देव पाठीशी असलेला बरा. आबांना यात काही वावगं वाटत नसे. ती खूण आहे, मूर्ती थोडीच आहे, असं त्यांचं सरळ मत होतं. आणि ते मत त्या पिवळ्या गाडीपर्यंत टिकलं.

गाडी परदेशी होती, दोन सीटांची, आणि इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे आधी वाकायचं, मग लोळायचं आणि मग पाय ओढून घ्यायचे. गाडीचा मालक कतारगामच्या एका हिऱ्यांच्या कारखानदाराचा मुलगा, पंचविशीतला, हसरा, बोलायला गोड. गाडी वळणावर आली की आवाजावरूनच आम्हाला कळायचं. त्याला दोन्ही उशांवर गणपती हवा होता, सोनेरी धाग्यात, मोजक्याच रेषांचा. "बेउ सामसामे राखजो, काका," असं त्यानं आबांना बजावून सांगितलं. दोन्ही एकमेकांकडे तोंड करून हवे होते.

आता डाव्या-उजव्या सीटची चिन्हं आम्ही नेहमी तशीच काढतो. एक सिंह काढायचा, एक कळ दाबायची, आरशात बघावा तसा दुसरा सिंह तयार. एकाची आयाळ इकडे, दुसऱ्याची तिकडे, दिसायला झकास. गणपतीचंही मी तेच केलं. गिऱ्हाइकानं सांगितलं होतं, मी त्यात माझा दोष मानत नाही. आबांनी एक उशी एका दिवशी भरली, दुसरी दुसऱ्या दिवशी. मशिनवर चामडं आडवं पसरलेलं असतं, त्यामुळे गणपतीही आडवा झोपलेला असतो आणि आबांचं लक्ष सगळं धाग्याच्या ताणाकडे. काम इतकं देखणं झालं की शेठनी स्वतः फोटो काढले.

गाडी द्यायच्या दिवशी नारळ फोडला. मुलगा आत बसण्याआधी आबा मऊ फडक्यानं उशा पुसायला वाकले, आणि तसेच राहिले. मी त्यांना इतका वेळ न हलता कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं कंबरेत उसण भरली. मी जवळ गेले तेव्हा ते हळूच म्हणाले, "ताई, हाऊ उजवी सोंडना शे."

मीही वाकून पाहिलं. डाव्या सीटवरचा गणपती, तोंड आतल्या बाजूला पण सोंड मोदकासाठी बाहेर वळवलेला, आपल्या घराघरांत असतो तसा, डाव्या सोंडेचा. ड्रायव्हरच्या सीटवरचा, आरशातला, त्याची सोंड उजवीकडे वळलेली. तेवढ्यात तो मुलगा आमच्यामधून वाट काढत आत बसला, डोकं मागे टेकलं, वा म्हणाला आणि गाडी निघूनसुद्धा गेली.

तुम्हाला सांगायला नकोच. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचं सोवळंओवळं सांभाळावं लागतं, हे आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडतं. प्रत्येक घराण्यात असे कुणीतरी दूरचे काका असतात, ज्यांनी हौसेनं तसली मूर्ती आणली आणि मग त्यांचं काय काय झालं. मी स्वतः असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. तसली मूर्ती घरात आणणारही नाही. तुमचंही बहुधा असंच असेल.

आबांचं तसं नव्हतं. त्यांनी ज्याला आजवर खूण म्हटलं तो त्यांच्या लेखी त्या दिवशी देव झाला, आणि तोही आपल्याच हातून एका उनाड पोराच्या मानेमागे बसलेला. तो पोरगा गाडीत काय खाईल, कुठून कुठं जाईल, कसल्या वेगानं जाईल, कुणाला ठाऊक. त्याला काही झालं तर ते माझ्या सुईमुळे, असं त्यांनी डोक्यात घेतलं. शेठनी समजावलं, मी समजावलं. मी तर म्हटलं, आबा, त्याला काही झालंच तर ते त्याच्या पायामुळे होईल, गणपतीच्या सोंडेमुळे नाही. ते ऐकून घ्यायचे आणि दारात जाऊन रस्त्याकडे बघत उभे राहायचे.

मग त्यांना वेडच लागलं. रविवारी स्कूटर काढून ते डुमसच्या रस्त्याला जात, कारण असली गाडीवाली पोरं तिकडे फिरतात. कधी वेसूकडे जात. पिवळी गाडी दिसली तरी काय करणार होते? ती समोरून एका क्षणात निघून जायची. पण दिसली की सोमवारी जरा बरे असत. नाही दिसली की आठवडाभर मशिनच्या पट्ट्यावर बोटं आपटत राहायचे. कुठं अपघात झाल्याचं कुणी बोललं की आबांचा पहिला प्रश्न ठरलेला, पिवळी तर नव्हती ना? दुकानातली मंडळी त्यावरून चेष्टा करायची. मीही केली.

एकदा त्यांनी मला कतारगामला बरोबर नेलं. मी चांगलं गुजराती बोलते, माझं ऐकतील, असा त्यांचा हिशेब. मुलगा आपल्या थंडगार केबिनमध्ये होता. त्यानं आम्हाला चहा दिला, बिस्किटं दिली. आबा अर्थातच उभे. मी सगळं समजावून सांगितलं. एक उशी सोडवून घेतो, तसंच चामडं आणतो, दुसरा गणपती भरून देतो, तुम्हाला काही तोशीस नाही. तो हसला. "मने तो बहु गमे छे, काका," म्हणाला, मला तर फार आवडलाय. दोघे समोरासमोर आहेत म्हणून तर लोक विचारतात, मोबाइलवर त्याचा व्हिडिओ टाकलाय, तो किती जणांनी पाहिला ते बघा. मग त्यानं एक बिनतोड मुद्दा काढला. मोठमोठ्या देवळांत उजव्या सोंडेचे गणपती आहेतच की, रांगा लावून लोक दर्शन घेतात.

आबा त्याला गुजरातीत म्हणाले, "त्यां पुजारी छे. गाडीमां कोण छे?"

तिथं पुजारी आहे, गाडीत कोण आहे? मुलगा पुन्हा हसला. वाईट हसला नाही हो, आजोबांच्या बोलण्यावर नातू हसतो तसा हसला. आम्ही बाहेर पडलो. कारखान्याच्या पार्किंगमध्ये ती गाडी उभी होती. आबांनी काचेतून आत डोकावलं, चपला बाजूला काढून हात जोडले, आणि स्कूटरला किक मारली.

त्यानंतरच्या शनिवारची गोष्ट. शनिवारी संध्याकाळी दुकानात कोपऱ्यावरच्या लारीवरून, म्हणजे हातगाडीवरून, घोटाला मागवायची पद्धत होती. सुरतेत राहून तुम्ही अंड्यांचा घोटाला खाल्ला नसेल तर तुम्ही सुरतेत राहिलाच नाहीत. आबा त्यातले म्होरके. लारीवाल्याला तिखट किती, लोणी किती, हे तेच सांगायचे. घरी रविवारी मटणाचा काळा रस्सा नसला तर मावशींशी दिवसभर अबोला धरायचे. त्या शनिवारी त्यांनी पाव हातात घेतला, खाली ठेवला आणि म्हणाले, मला नको. आम्हाला वाटलं चतुर्थी असेल. पुढच्या शनिवारीही नको. त्याच्या पुढच्याही.

मी खोदून खोदून विचारलं तेव्हा मशिनच्या आवाजाआडून म्हणाले, "त्यानं सोवळं मी पाळस."

कुणाचं? गाडीतल्या गणपतीचं. पोरगा पाळणार नाही, त्याला ते ठाऊकही नाही. पण गणपती ज्यानं बसवला त्यानं पाळलं तर चालत असेल, असा त्यांनी स्वतःच निवाडा केला होता. कुणा भटजीला विचारलं नव्हतं. विचारलं आणि तो चालत नाही म्हणाला तर काय, अशी त्यांना भीती होती. तेव्हापासून अंडं बंद, मटण बंद. सकाळी आंघोळ झाल्याशिवाय तोंडात पाणीही नाही. देव्हाऱ्यात चामडं ठेवता येत नाही म्हणून त्यांनी एक सुपारी मांडली होती आणि तिची रोज पूजा.

पूजा म्हणजे बसणं आलं. आबा बसतात या गोष्टीवर माझा विश्वास बसेना, म्हणून एकदा मावशींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, काय सांगू ताई, पहिले काही दिवस दर मिनिटाला उठायचे. दूध उतू गेलं का बघतो, नळ आला का बघतो. मग स्वतःवरच चिडायचे आणि परत बसायचे. आता बसतात. गुडघे थरथरतात, पण बसतात. मावशींनी ते असं सांगितलं, जणू नवऱ्याला नोकरीत बढतीच मिळाली होती. मी मात्र वैतागले. एका श्रीमंत पोराच्या हौसेपायी या माणसानं स्वतःला का बांधून घ्यावं? मी आबांना म्हटलं, निदान त्याला सांगा तरी, म्हणजे जरा हळू चालवेल.

आबा घाईघाईनं म्हणाले, "त्याले सांगू नको. घाबरेल मानूसना हात गाडीवर नीट ऱ्हात नही."

घाबरलेल्या माणसाच्या हाती गाडी नीट राहत नाही, हे मलाही पटलं. मी शब्द दिला आणि पाळला. तो मुलगा अधूनमधून दुकानावरून जायचा, हॉर्न वाजवून आबांना हात करायचा. आबाही हात करायचे. एवढाच त्या दोघांचा संबंध. मला ते बघवत नसे. एकाला काही ठाऊक नाही आणि दुसऱ्याला त्याच्यापायी चैन नाही. कारण सोवळं पाळूनही आबांची तगमग थांबली नव्हतीच. आज आंघोळीआधी चुकून चहाचा घोट घेतला, आज फुलं शिळी होती, आज पूजेत मन नव्हतं, असं रोज काहीतरी निघायचं. आणि मग ते दिवसभर दारात उभे, कान रस्त्याकडे लावून.

असं दोनेक वर्षं चाललं. मग आबांना खोकला धरला. पावरलूमच्या दिवसांत छातीत गेलेली कापसाची धूळ म्हणा किंवा काहीही म्हणा, त्यांची छाती पहिल्यापासून कच्चीच होती. दाखवायला उशीर झाला, कारण डॉक्टरकडेही बसावं लागतं. दवाखान्यात दाखल केलं तेव्हा ते निम्मे झाले होते. डॉक्टरांनी औषधं दिली आणि सांगितलं की अंगात ताकद यायला हवी, रोज अंडी खा.

तुम्ही ओळखलंच असेल. मावशींनी अंडी उकडून नेली, डबा तसाच परत आला. त्यांच्या मुलीनं येऊन पाया पडून विनवलं. शेवटी मावशींनी मला फोन केला, तुझं ऐकतील. माझं त्यांनी एरवी कधी ऐकलं होतं देव जाणे, पण मी गेले. ते खाटेवर पडून होते. पडून असलेले आबा मला बघवेनात. पायाचे अंगठे तेवढे पांघरुणाखाली हलत होते. मी रागावून बोलले. म्हटलं, देव काय इतका दुष्ट आहे का? तुम्ही आधी बरे व्हा, मग जन्मभर पाळा. दुखण्यात सगळं माफ असतं, हे तुम्हालाही माहीत आहे.

त्यांनी माझं सगळं बोलणं संपू दिलं. मग म्हणाले, "पोऱ्या आजून गाडी चालावस ना?"

मी म्हटलं, हो.

"मंग."

एवढंच. मी डाळीचं पाणी पाजलं, ते त्यांनी मुकाट्यानं प्यायलं.

आबा गेले. अंड्यांनी ते वाचले असते असं मी म्हणणार नाही. डॉक्टरही तसं म्हणाले नाहीत. छाती फारच गेली होती. पण मला त्यांचा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर तो अजून पुरता गेलेला नाही. रागाच्या खाली जे आहे त्याला मी फार हात लावत नाही. मशिनवर आता दुसरे कारागीर आहेत, चांगले आहेत, खुर्चीवर बसून काम करतात. पहिला टाका पडताना मीच उगाच श्वास धरते.

त्यांच्यानंतर महिन्या-दीड महिन्यानं वळणावर तो आवाज आला. मुलगा उतरला, मिठाईचा बॉक्स शेठच्या टेबलावर ठेवला. त्याचं लग्न ठरलं होतं. डाव्या सीटच्या उशीवर, गणपतीच्या खाली, होणाऱ्या बायकोच्या नावाचं अक्षर हवं होतं, छोटंसं. काम त्याच काकांनी करायला पाहिजे, कुठं आहेत काका?

शेठनी माझ्याकडे पाहिलं. काका गेले, असं मी म्हटलं. त्याला खरंच वाईट वाटलं. काय झालं होतं, विचारलं. मी आजार सांगायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. ज्यांना शब्द दिला होता ते आता नव्हते, त्यामुळे मला कुणी थांबवणारही नव्हतं. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. सोंड, डुमसचा रस्ता, शनिवारचा घोटाला, सुपारी, दवाखान्यातला डबा. तुम्ही गाडी चालवत होतात आणि तिचं सोवळं तिकडे नवागाममध्ये एक म्हातारा पाळत होता, असं म्हटलं. माझा आवाज चढला होता. शेठ मला डोळ्यांनी दटावत होते.

सुरुवातीला तो हसला, पूर्वी हसला होता तसंच. मग हसू हळूहळू उतरलं. त्यानं वळून काचेतून बाहेर पाहिलं. गाडी उन्हात उभी होती, दार अर्धवट उघडं होतं, आणि ड्रायव्हरच्या उशीवरचा सोनेरी धागा इथूनही दिसत होता.

"हवे कोण पाळशे?" त्यानं विचारलं.

आता कोण पाळणार? शेठ मोबाइलमध्ये बघू लागले. मुलानं अक्षराचा विषय पुन्हा काढला नाही. तो गाडीपाशी गेला, दार पूर्ण उघडलं आणि नेहमीसारखा लोळत आत न शिरता जपून, अंग आखडून बसला. गाडी सुरू केली. आमच्या गल्लीतून ती माणूस चालेल इतक्या सावकाश निघाली, आणि वळणापर्यंत मला तो दिसत होता, स्टिअरिंगवर पुढं झुकून, पाठ ताठ, मागच्या उशीला डोकं लागू न देता.